धातूच्या पुराणवस्तूंचं संवर्धन परदेशात जाऊन शिकायचंय? अर्जाच्या आधीपासून परत आल्यानंतरपर्यंत सगळं सविस्तर

धातू म्हणजे टिकाऊ, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. जमिनीतून किंवा समुद्रातून काढलेली लोखंडी वस्तू नुसती कपाटात ठेवून दिली, कुणी हातसुद्धा लावला नाही, तरी काही वर्षांत तिचे पापुद्रे सुटतात आणि खाली तपकिरी भुगा पडलेला दिसतो. आणि त्या पापुद्र्याबरोबर काय जातं, तर वस्तूचा मूळ आकार, तिच्यावरची नक्षी, हत्याराच्या खुणा, सगळंच. एकदा गेलं की परत येत नाही. म्हणून हे काम शिकलेली माणसं हवीत, आणि खूप हवीत.

हे शिकवणाऱ्या चांगल्या जागा जगात आहेत पण मोजक्याच आहेत, आणि त्यातली योग्य जागा निवडताना बहुतेकजण आधी देश बघतात, मग विद्यापीठाचं नाव, मग फी, आणि सगळ्यात शेवटी तिथे नेमकं काय शिकवतात ते. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. आधी ठरवा की शिकून आल्यावर तुमच्या टेबलावर कुठल्या वस्तू येणार आहेत, त्यावरून धातू ठरेल, धातूवरून कोर्स, आणि देश सगळ्यात शेवटी.

पायरी १: वस्तू कुठली ते ठरवा

'मेटल कॉन्झर्वेशन' हा एकच विषय वाटतो पण आत गेलं की चार-पाच वेगळी जगं आहेत. उत्खननातल्या वस्तू, म्हणजे मातीत पुरलेलं लोखंड, कासं, तांब्याची नाणी, यांत धातू कमी आणि गंज जास्त असतो, कधीकधी तर आत धातू उरलेलाच नसतो. समुद्रातल्या वस्तूंमध्ये मीठ इतकं खोल मुरलेलं असतं की त्या महिनोन्‌महिने, मोठ्या असल्या तर वर्षानुवर्षं टाक्यांमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात. अमेरिकेत चार्ल्स्टनला हनली नावाची पाणबुडी २००० साली समुद्रातून वर काढली आणि तिच्यावरचं काम दोन दशकं उलटून गेली तरी चालूच राहिलं, यावरून अंदाज घ्या. तिसरं जग म्हणजे कधीच न पुरलेल्या वस्तू, चांदीची भांडी, शस्त्रं, चिलखतं, घड्याळं, वैज्ञानिक उपकरणं. चौथं, उघड्यावरचे पुतळे. आणि पाचवं औद्योगिक वारसा, म्हणजे इंजिनं, जहाजं, पूल, यंत्रं.

प्रत्येकात लागणारं ज्ञान बरंच वेगळं. पुतळ्याच्या कामात पाऊस, प्रदूषण, पक्ष्यांची विष्ठा आणि आतला लोखंडी सांगाडा हे सगळं येतं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीचं उदाहरण प्रसिद्ध आहे, बाहेर तांब्याचा पत्रा, आत लोखंडी पट्ट्या, दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटले की त्यातला एक दुसऱ्यापायी झिजतो, इथे लोखंड झिजलं आणि फुगलं, आणि १९८६ पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या करून घ्याव्या लागल्या. हे ज्याला हाताळायचंय त्याने छोट्या नाण्यांवर मायक्रोस्कोपखाली काम शिकवणारा कोर्स घेऊन फार उपयोग नाही.

पायरी २: संवर्धक व्हायचंय की वैज्ञानिक

हा गोंधळ खूप होतो. स्वतः हाताने वस्तूवर उपचार करतो तो कॉन्झर्वेटर. मिश्रधातू काय आहे, गंज कुठल्या प्रकारचा आहे, कोटिंग किती टिकेल याचा अभ्यास करतो तो कॉन्झर्वेशन सायंटिस्ट. दोन्ही लागतात पण शिक्षण वेगळं. उदाहरणार्थ युरोपातला आर्कमॅट हा इरॅस्मस मुंडस (युरोपियन युनियनच्या शिष्यवृत्ती योजनेतला) मास्टर्स पुरातत्त्वीय पदार्थांच्या विज्ञानाचा आहे, उत्तम आहे, पण तो करून तुम्ही थेट तलवारीवर स्काल्पेल (शस्त्रक्रियेचा बारीक चाकू) चालवायला तयार होत नाही. युरोपातल्या संवर्धकांच्या संघटनांचा जो महासंघ आहे, एको, तो स्पष्ट सांगतो की स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संवर्धकाचं शिक्षण मास्टर्स पातळीचं असावं. म्हणजे दोन आठवड्यांच्या कोर्सवर कुणी संवर्धक होत नाही, हे आधीच मान्य करून टाका.

तिसराही एक रस्ता आहे, संग्रहाची काळजी घेणारा माणूस. त्याला उपचार करायचे नसतात, साठवण, आर्द्रता, पॅकिंग, तपासणी एवढं सांभाळायचं असतं. जिथे हजारो वस्तू आहेत आणि माणसं दोन, तिथे खरी गरज याच माणसाची असते आणि त्याच्यासाठी छोटे कोर्स पुरतात.

पायरी ३: अर्जाच्या आधीचं एक वर्ष

रसायनशास्त्र आलंच पाहिजे. फार मोठं नाही, पण ऑक्सिडेशन-रिडक्शन, आम्ल-अल्कली, द्रावणाचं मोलर प्रमाण, विद्युतरसायन, एवढं पक्कं हवं. कला किंवा इतिहासाच्या बाजूने आलेले लोक इथेच अडकतात आणि विज्ञानाच्या बाजूने आलेले हाताच्या कामात अडकतात. म्हणून जी बाजू कच्ची आहे तिच्यावर हे वर्ष घाला.

हाताचं काम म्हणजे काय, तर कुठल्याही धातुकाम करणाऱ्या कारागिराकडे बसा. कानस कशी धरायची, पत्रा ठोकताना कडक कसा होतो आणि तापवून परत मऊ कसा करतात, डाग कसा देतात (म्हणजे सांधा कसा जोडतात), ओतकाम आणि घडीव काम यात फरक कसा ओळखायचा, मुलामा कसा चढवतात. वस्तू कशी बनली हे ज्याला कळत नाही त्याला ती कशी बिघडली हेही कळत नाही. हे काम जुन्या वस्तूंवर अजिबात करू नका, नवा पत्रा घ्या, तो वाया गेला तरी चालतो.

वाचायला सगळ्यात चांगली फुकट गोष्ट म्हणजे कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटच्या सीसीआय नोट्स. त्यातला नववा गट पूर्ण धातूंचा आहे, चार-चार पानी टिपणं, साधी भाषा, ऑनलाइन मिळतात. आणि रोज एक वस्तू घेऊन तिचा कंडिशन रिपोर्ट लिहायची सवय लावा, कुठलीही वस्तू, गंजलेली कडी चालेल, जुनं कुलूप चालेल. माप, वजन, रंग, थर, कुठे चीर, कुठे जुनी दुरुस्ती, चारी बाजूंचे फोटो मोजपट्टीसकट. पुढे पोर्टफोलिओ बनवताना हेच उपयोगी पडतं.

पायरी ४: जागा शोधा

नावं सांगतो, पण प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात तेव्हा अर्ज करताना त्यांच्या साइटवर बघूनच पुढे जा.

इंग्लंडमध्ये वेस्ट डीन कॉलेज धातुकामाच्या संवर्धनासाठी ओळखलं जातं आणि तिथे बेंचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या टेबलावर, घालवायचा वेळ भरपूर असतो. वेल्समध्ये कार्डिफ विद्यापीठ, पुरातत्त्वीय लोखंड आणि क्लोराइड (मिठातला धातू गंजवणारा घटक) यावरचं तिथलं संशोधन जगभर वापरलं जातं, लोखंड हा तुमचा विषय असेल तर पहिलं नाव हेच. नेदरलँड्समध्ये अॅम्स्टरडॅम विद्यापीठात धातूची वेगळी शाखा आहे आणि शिकवणं इंग्रजीत होतं. स्वित्झर्लंडच्या नॉशातेलमधलं ओत-एकोल आर्क उत्खननातल्या वस्तूंसोबत घड्याळं आणि तांत्रिक वस्तूंसाठी फार चांगलं, पण फ्रेंच लागते. पॅरिसच्या राष्ट्रीय वारसा संस्थेत धातू हा काच आणि सिरॅमिकसोबत 'अग्नीच्या कला' या शाखेत येतो, तिथेही फ्रेंच. इटलीत फ्लॉरेन्सची ओपिफिचिओ देल्ले पिएत्रे दूरे आणि रोमची केंद्रीय संवर्धन संस्था, दोन्हीकडे पाच वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षेत हाताचं कसब तपासतात, आणि इटालियन यायलाच हवी. जर्मनीत श्टुटगार्टची कला अकादमी, आणि तिकडे बऱ्याच कोर्सना प्रवेशाआधी संवर्धन कार्यशाळेत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव मागतात, तेव्हा ते वर्ष हिशेबात धरा.

रोमचं इक्रोम वेगळं आहे. १९५६ साली युनेस्कोच्या परिषदेत ठरून १९५९ मध्ये सुरू झालेली ही आंतरसरकारी संस्था पदवी देत नाही, आधीपासून नोकरीत असलेल्या लोकांसाठी छोटे कोर्स घेते, वेगवेगळ्या देशांतले पंधरा-वीस जण एकत्र असतात. विषय दरवेळी धातूच असेल असं नाही. पण जोखीम व्यवस्थापन, साठवणीची पुनर्रचना असले कोर्स धातूवाल्यांनाही थेट लागू पडतात.

आणि एक जागा लोक विसरतात, आयकॉम-सीसीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या संवर्धन समितीचा, मेटल्स वर्किंग ग्रुप. दर तीन वर्षांनी त्यांची 'मेटल' परिषद भरते, २०१३ ला एडिंबरा, २०१६ ला नवी दिल्ली, २०१९ ला नॉशातेल, २०२२ ला हेलसिंकी. जगात धातूवर काम करणारी बहुतेक महत्त्वाची माणसं तिथे येतात, पोस्टर लावायला विद्यार्थ्यांनाही संधी असते, आणि इंटर्नशिप मिळते ती बहुतेक वेळा असल्याच ओळखीतून.

कोर्स पारखायचा कसा? त्यांना सरळ ईमेल करून विचारा. आठवड्याला बेंचवर किती तास? खऱ्या म्युझियमच्या वस्तूंवर काम मिळतं की फक्त नमुन्यांवर? एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? लॅबमध्ये एक्स-रेची सोय आहे का? इंटर्नशिप कोर्सचा भाग आहे की स्वतः शोधायची? आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या उपचारांचे एक-दोन रिपोर्ट बघायला मिळतील का. त्या रिपोर्टमध्ये नुसते 'आधी' आणि 'नंतर'चे चकाचक फोटो असतील तर सावध राहा. हा उपचार का निवडला, दुसरे कुठले पर्याय सोडले आणि का सोडले, हे लिहिलेलं असेल तर ती जागा चांगली.

पायरी ५: अर्ज, पोर्टफोलिओ, पैसे

पोर्टफोलिओत दहा-बारा कामं पुरतात, पण प्रत्येकात तुमचा विचार दिसला पाहिजे. चुकलेलं कामही घाला, काय चुकलं आणि पुढच्या वेळी काय बदललं ते लिहा, निवड करणाऱ्यांना असं प्रामाणिक कागदपत्र आवडतं. स्टेटमेंटमध्ये 'मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे' हे वाक्य शंभरातले नव्वद जण लिहितात, तुम्ही त्याऐवजी लिहा की अमुक संग्रहात अमुक प्रकारच्या इतक्या वस्तू आहेत, त्यांना हा हा त्रास आहे, आणि तो सोडवायला मला तुमच्याकडचं हे हे शिकायचंय.

मुलाखतीत बऱ्याच ठिकाणी हाताची आणि डोळ्याची परीक्षा असते. रंग जुळवणे, बारीक चित्र काढणे, एखादी वस्तू हातात देऊन 'हिच्याबद्दल सांगा' म्हणणे. वस्तू हातात मिळाली की पहिल्यांदा ती दोन्ही हातांनी, टेबलाच्या जवळ, कडी-दांडा-मूठ असल्या कमकुवत जागी न पकडता धरा. तुम्ही वस्तू कशी धरता हे ते आधी बघतात, बोलणं नंतर ऐकतात.

पैशाचं म्हणाल तर शिष्यवृत्त्या आहेत, ब्रिटनसाठी चेवनिंग आणि कॉमनवेल्थ, जर्मनीसाठी डाड (DAAD), अमेरिकेसाठी फुलब्राइट, युरोपातल्या संयुक्त मास्टर्ससाठी इरॅस्मस मुंडस. यांच्या तारखा कोर्सच्या बऱ्याच आधी असतात, म्हणून आधी स्कॉलरशिपचं कॅलेंडर बघा आणि मग कोर्सचं. भाषेच्या परीक्षेचा निकालही वेळेत हातात हवा.

पायरी ६: तिथे गेल्यावर खरं काय शिकायचं

पहिला धडा म्हणजे साफ करण्याची घाई न करणे. मातीतून निघालेल्या लोखंडी गोळ्याचा आधी एक्स-रे काढतात, कारण बाहेरून जो बटाट्यासारखा ओबडधोबड गोळा दिसतो त्याच्या आत कुलूप असू शकतं, चाकूच्या पात्यावर चांदीचं जडावकाम असू शकतं. मूळ पृष्ठभाग गंजाच्या थरांच्या मध्ये कुठेतरी असतो, वरचा थर मातीचे कण गिळून वाढलेला, खालचा थर धातूच्या जागी बसलेला, आणि या दोघांच्या मधली जी सीमा तीच वस्तूची खरी त्वचा. मायक्रोस्कोपखाली स्काल्पेलने वरचा थर उचलताना ती सीमा कधी रंगातून कळते, कधी नुसत्या कडकपणातून, पातं एकदम वेगळं वाजतं. सगळा गंज आम्लात विरघळवून 'स्वच्छ' धातू काढला तर ही त्वचाच नाहीशी होते. आता सांगा, अॅसिडची बाटली घेऊन बसणाऱ्याला संवर्धक म्हणायचं का?

कधीकधी हत्यार अगदी साधं असतं. इंग्लंडमध्ये २००९ साली सापडलेल्या स्टॅफर्डशायर होर्डच्या सोन्याच्या वस्तूंवरची माती काढायला संवर्धकांनी झाडाचे काटे वापरले, कारण सोनं मऊ, स्टीलची सुई ओरखडा पाडते, काटा पाडत नाही. हे लक्षात ठेवा आणि महागड्या उपकरणांनी दिपून जाऊ नका.

दुसरा मोठा धडा क्लोराइडचा. तांब्या-काशाच्या वस्तूवर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसले आणि खरवडल्यावर खाली खड्डा निघाला तर तो ब्राँझ डिसीज. आत कॉपर क्लोराइड असतं, त्याला हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की हिरवी भुकटी तयार होते आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते आम्ल पुन्हा धातू खातं, पुन्हा क्लोराइड. चक्र चालूच. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर म्हणजे रोग नव्हे, तो स्थिर पॅटिना असतो आणि त्याला हात लावायचा नसतो. हा फरक फोटो बघून शिकता येत नाही, पन्नास वस्तू हातात घ्याव्या लागतात.

उपचार म्हणून बेन्झोट्रायझोल, सगळे त्याला बीटीए म्हणतात, इथेनॉलमध्ये साधारण ३ टक्के विरघळवून वस्तू त्यात बुडवून ठेवतात, शक्य असेल तिथे व्हॅक्यूमखाली, मग वरून पॅरालॉइड बी-७२ किंवा इन्क्रालॅकसारखं पारदर्शक राळेचं कोटिंग. पुढे वस्तू मुद्दाम दमट डब्यात ठेवून बघतात की नवे हिरवे ठिपके येतात का. ही शेवटची चाचणी वगळणारे लोक आहेत, तुम्ही वगळू नका.

लोखंडात रोगाची खूण वेगळी. पृष्ठभागावर पिवळट-तपकिरी थेंब येतात, वाळले की त्यांचे पोकळ नारिंगी कवच राहतात, म्हणजे आत क्लोराइड जागं आहे. त्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सल्फाइटच्या द्रावणात, हवाबंद डब्यात, बऱ्याचदा ६० अंशांवर, महिनोन्‌महिने भिजवणं आणि द्रावण बदलत राहणं. क्लोराइड अजून निघतंय का ते तपासायला काढलेलं द्रावण नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात, पांढरी गढूळ छटा आली तर काम बाकी आहे.

आणि जिथे भिजवणं शक्य नाही तिथे हवा कोरडी ठेवायची. ब्रिस्टलला एसएस ग्रेट ब्रिटन हे १८४३ चं लोखंडी जहाज आहे, त्याच्या खालच्या भागाभोवती काचेचं छत घालून आतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांवर ठेवली आहे. कार्डिफच्या प्रयोगांतून निघालं की क्लोराइड असलेलं लोखंड १२ टक्क्यांच्या खाली जवळजवळ शांत राहतं, वर गेलं की गंजाचा वेग वाढत जातो. काशाला इतकं कोरडं लागत नाही, साधारण ३५ टक्क्यांच्या खाली ठेवलं तर निभावतं. 'कोरड्या जागी ठेवा' एवढं म्हणून भागत नाही, किती कोरडं ते आकड्यात सांगता आलं पाहिजे.

चांदीचं थोडक्यात, दर पॉलिशमध्ये चांदी झिजते आणि मुलाम्याच्या वस्तूवर तर मुलामाच जातो, तेव्हा डिपमध्ये (चांदी चकाकवणाऱ्या तयार रासायनिक द्रावणात) बुडवायचं नाही, गरज असेल तर चाळलेली खडूची पूड आणि पाणी, आणि त्याहून चांगलं म्हणजे गंधकयुक्त वायू वस्तूपर्यंत पोचूच न देणं. शिशाला ओक लाकडाच्या आणि एमडीएफच्या कपाटातलं अॅसेटिक आम्ल मारतं, पांढरी पावडर येते. म्हणून शोकेसमध्ये वापरायच्या प्रत्येक सामानाची ऑडी टेस्ट करायला शिका, ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली सुरू झालेली ही चाचणी साधीच आहे, चांदी, तांबं आणि शिसं यांचे तुकडे त्या सामानासोबत बंद नळीत, थोडं पाणी घालून, ६० अंशांवर २८ दिवस. तुकडे काळे-पांढरे पडले तर ते सामान बाद.

पायरी ७: स्वतःचा जीव

शिशाची पावडर विषारी, बीटीए हातमोज्याशिवाय हाताळायचं नाही, गरम अल्कली डोळ्यात गेली तर डोळा जातो. जुन्या मुलाम्याच्या वस्तूत पारा असू शकतो आणि जुन्या संग्रहांवर कधीकाळी आर्सेनिकसारखी कीटकनाशकं मारलेली असू शकतात. समुद्रातून किंवा रणभूमीवरून आलेला तोफगोळा आतून भरलेला असू शकतो, तो स्फोटक तज्ज्ञाने तपासल्याशिवाय लॅबच्या दारातसुद्धा आणायचा नाही. कोर्समधला सुरक्षेचा भाग कंटाळवाणा वाटतो, तरी नोंदी जपून ठेवा, परत आल्यावर तुम्हालाच नियम लिहायचे असतात.

पायरी ८: परत आल्यावर

इथे बरेच लोक निराश होतात कारण तिकडची लॅब इकडे नसते. म्हणूनच कोर्समध्ये असताना प्रत्येक पद्धत शिकताना शिक्षकांना विचारत राहा की हे मशीन नसेल तर काय करायचं. एअर अब्रेजन (हवेच्या झोतातून बारीक पूड मारून गंज काढायचं यंत्र) नसेल तर स्काल्पेल आणि काच-तंतूंचा ब्रश, मोठा डीह्युमिडिफायर नसेल तर घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, ओलावा शोषणारी कोरडी सिलिका जेल आणि आत आर्द्रता दाखवणारी पट्टी. एक डबा नीट बंद होतो की नाही हे बघायला तो रिकामाच जेलसकट आठवडाभर ठेवा आणि पट्टीचा रंग रोज लिहा.

पहिल्या तीन महिन्यांत एकाही वस्तूवर उपचार करू नका. पूर्ण साठा फिरून बघा, प्रत्येक धातूच्या वस्तूला चारपैकी एक खूण द्या, स्थिर, लक्ष ठेवा, लवकर, आत्ता. 'आत्ता'वाल्या वस्तू त्याच दिवशी कोरड्या डब्यात गेल्या पाहिजेत, उपचार नंतर बघू. लाकडी कपाटातलं शिसं बाहेर काढा. खोलीत आर्द्रतेची नोंद ठेवणारा लॉगर लावा, कारण वर्षभराची नोंद हातात असेल तेव्हाच पैसे देणाऱ्यांना पटवता येतं की अमुक महिन्यांत अमुक कपाटाला धोका आहे. आणि हे सगळं दुसऱ्या कुणालातरी शिकवत शिकवत करा, म्हणजे तुम्ही रजेवर असलात तरी सिलिका जेल वेळेवर बदललं जाईल.